शॉर्टसर्किटवर किती दिवस खापर फोडणार?

आग कापडाच्या गोदामाला लागो, दवाखान्याला लागो की चाळीतल्या एखाद्या खोलीला, दुसऱ्या दिवशीच्या बातमीत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज आहे.’ अंदाज प्राथमिक असतो, मान्य. पण त्याच्या पुढचा, पक्का अंदाज छापून आलेला मी तरी क्वचितच पाहिला. तोवर विषय थंड होतो, पंचनाम्याची फाइल कपाटात जाते आणि सगळा दोष विजेच्या माथी मारून मंडळी मोकळी होतात.

मी इचलकरंजीत वायरिंगची कामं घेतो. परवानाधारक ठेकेदार आहे. मागाच्या शेडपासून दोन खोल्यांच्या घरापर्यंत पडेल ते काम करतो. जळलेला बोर्ड उघडून बघायची वेळ वरचेवर येते. मी उघडलेल्या बोर्डांपुरतं बोलायचं तर शॉर्टसर्किट बहुतेक वेळा सगळ्यांत शेवटी झालेलं असतं. आधी जोड तापतो. मग वायरवरचं पीव्हीसी मऊ पडतं, वितळतं. मग फेज आणि न्यूट्रल एकमेकांना भिडतात आणि शेजारपाजारच्यांना ऐकू जाणारा तो ‘फट्’ आवाज होतो. आवाज झाला म्हणून तेच कारण, असं आपण धरून चालतो. त्याआधी काही तास, कधी काही महिने, तो जोड मुकाट तापत होता, याची नोंद कुठेच होत नाही.

तापण्याला हिशेब असतो आणि तो हिशेब अवघड नाही. बालभारतीच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात ‘धाराविद्युत’ नावाचा धडा आहे, दहावीत ‘विद्युतधारेचे परिणाम’. त्यातलं दोनच ओळींचं सार घरी पुरतं : व्होल्टला अँपिअरनं भागलं की ओहममध्ये रोध मिळतो, आणि व्होल्टला अँपिअरनं गुणलं की वॉटमध्ये शक्ती. एक भागाकार, एक गुणाकार. पुढचं सगळं यातूनच निघतं.

घरातल्या गीझरची पाटी बघा. २००० वॉट, २३० व्होल्ट असं लिहिलेलं असतं. २००० भागिले २३०, म्हणजे ८.७ अँपिअर. २३० भागिले ८.७, म्हणजे साधारण साडेसव्वीस ओहम. हा त्या गीझरच्या एलिमेंटचा रोध. आता प्लग ज्या सॉकेटमध्ये आहे ते बघा. लहान सॉकेट सहा अँपिअरचं असतं, मोठं सोळाचं. गीझर मोठ्या सॉकेटलाच लागतो, हे बहुतेकांना ठाऊक असतं. पण भाड्याच्या खोलीत न्हाणीजवळ मोठं सॉकेट नसेल तर लोक काय करतात? बाजारात कन्व्हर्टर पिन मिळते. एका बाजूनं मोठा प्लग घुसतो, दुसऱ्या बाजूनं ती लहान सॉकेटात बसते. पिन बसली म्हणजे काम झालं, असा समज. सहा अँपिअरच्या सॉकेटातून पावणेनऊ अँपिअर ओढायची सोय आपण हौसेनं पैसे मोजून विकत आणतो.

एका घरी अशाच कामाला गेलो होतो. घर कडक शाकाहारी. दारातच काकू म्हणाल्या, “वायरमन, आमच्यात अंडंसुद्धा येत नाही आणि न्हाणीपाशी मासळीचा वास येतोय बघा. पोरांनी काही आणलंय की काय?” पोरांनी काही आणलं नव्हतं. सॉकेटच्या प्लास्टिकचे काही प्रकार तापले की अगदी सुकटासारखा वास येतो. आमच्या धंद्यात हा वास ओळखीचा आहे. घरच्यांना तो विजेचा वाटतच नाही, म्हणून ते उंदीर शोधतात, गटार धुतात.

मेन बंद करून प्लग ओढला तर तो सहज निघेना. त्या सॉकेटच्या दोन भोकांपैकी न्यूट्रलचं भोक कोरं पांढरं होतं. फेजचं मात्र करपलेल्या भाकरीसारखं तपकिरी, कडेनं फुगलेलं. बोर्ड खोलला. फेजच्या वायरचा स्क्रू बोटानं फिरत होता. वायरवरचं लाल आवरण दीड-दोन इंच काळपट पडून ठिसूळ झालं होतं. वाकवलं तर खपली निघाली. आतली पितळी पट्टी निळसर काळी.

आता इथं जरा थांबून विचार करण्यासारखं आहे. फेजमधून जेवढा प्रवाह जातो तेवढाच न्यूट्रलमधून परत येतो. दोन्हीकडे ८.७ अँपिअरच. तरी एक बाजू जळली आणि दुसरी कोरी राहिली. म्हणजे लोड जास्त होतं एवढ्यावर भागत नाही, कारण लोड दोन्ही बाजूंना सारखंच होतं. शॉर्टसर्किट तर झालंच नव्हतं. फरक फक्त त्या स्क्रूचा होता. वायर पट्टीला घट्ट टेकली नव्हती, म्हणून तिथं थोडा रोध तयार झाला होता.

थोडा म्हणजे किती? एक ओहमचा तिसरा हिस्सा धरा. उष्णतेचं सूत्र वरच्या दोन ओळींतूनच येतं : प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध. ८.७ चा वर्ग साधारण ७६. त्याचा तिसरा हिस्सा पंचवीस. पंचवीस वॉट! रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्याकडे असते ती साधी सोल्डरिंग आयर्न पंचवीस वॉटची असते आणि ती कथील पातळ करते. तेवढी उष्णता तुमच्या भिंतीत, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागी, प्लास्टिकच्या पेटीत कोंडलेली.

यातली खरी मेख पुढे आहे. घरातला एमसीबी हे ओळखेल का? एलिमेंटचा रोध साडेसव्वीस ओहम होता, आता त्यात तिसरा हिस्सा वाढला. एकूण रोध वाढला म्हणजे प्रवाह कमी झाला. ८.७ अँपिअरचा तो जेमतेम ८.६ झाला. एमसीबी जास्त प्रवाहावर पडतो. इथं तर प्रवाह घटलाय. त्याच्या दृष्टीनं सगळं आलबेल. शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी घरात असेल तर त्यालाही यात वावगं काही दिसत नाही, कारण गेलेला प्रवाह तेवढाच परत येतोय, जमिनीत गळत नाही. वीजबिलातही काही कळत नाही. त्या कोपऱ्यात फक्त नाक उपयोगी पडतं, आणि काकूंचं नाक शाबूत होतं म्हणून ते घर वाचलं.

शिवाय हा जोड आहे तसा राहत नाही. तापला की पितळेवर काजळी आणि ऑक्साइड धरतं, सॉकेटमधल्या पट्टीची स्प्रिंग मऊ पडते, पकड आणखी सैल होते. रोध वाढतो, म्हणून उष्णता वाढते, म्हणून रोध आणखी वाढतो. जुन्या इमारतींत अॅल्युमिनिअमच्या वायरी आहेत, तिथं तर हे लवकर होतं. अॅल्युमिनिअम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं आणि त्याच्यावर चढणारा थर वीज नीट वाहू देत नाही.

हे समजावून सांगायला लागलो की आमच्याकडचं उत्तर ठरलेलं : “चालतंय की! बारा वर्षं झाली, ह्याच बोर्डावर चालतंय.” चालत होतं, कारण त्या बोर्डावर पंखा होता. जुन्या पद्धतीचा पंचाहत्तर वॉटचा पंखा अँपिअरचा साधारण तिसरा हिस्सा घेतो. तोच सैल स्क्रू, तोच तिसरा हिस्सा ओहम. हिशेब केला तर त्या जोडावर एका वॉटचा पंचविसावा भागही उष्णता होत नाही. बारा काय, पंचवीस वर्षं चालेल. त्याच जागी गीझर लावला की प्रवाह सव्वीस पट होतो आणि उष्णता जवळजवळ सातशे पट. वर्ग आहे ना सूत्रात! माणूस मात्र बेरजेनं विचार करतो : ‘पंख्याच्या जागी जरा मोठं काहीतरी लावलंय.’

मग शॉर्टसर्किट म्हणजे काही नाहीच का? आहे. फेज आणि न्यूट्रल थेट भिडले की मध्ये उरतो तो फक्त वायरींचा रोध, समजा अर्धा किंवा एक ओहम. २३० भागिले एक म्हणजे २३० अँपिअर. भागिले अर्धा म्हणजे ४६०. घरात साधारण वापरतात तो सोळा अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी त्याच्या दहापट प्रवाहाला, म्हणजे १६० अँपिअरला, डोळ्याचं पातं लवायच्या आत पडतो. म्हणजे खरं शॉर्टसर्किट हा असा बिघाड आहे की ज्याच्यावर इलाज शंभराहून जास्त वर्षांपासून आपल्याकडे आहे; आधी फ्यूज होता, आता एमसीबी. तरीही घर जळलं असेल तर विचारायचा प्रश्न वेगळा आहे : फ्यूज का उडाला नाही? एमसीबी का पडला नाही?

त्याचं उत्तर बहुधा बोर्डातच सापडतं. फ्यूजमध्ये पाच अँपिअरच्या तारेऐवजी जुन्या फ्लेक्स वायरचे चार-पाच पेड पिळून घातलेले असतात. किंवा सोळाचा एमसीबी ‘सारखा पडतो’ म्हणून कुणीतरी तिथं बत्तीसचा बसवलेला असतो, आणि त्याच्यामागे दीड चौरस मिलिमीटरची वायर तशीच. ती वायर भिंतीतल्या पाइपातून साधारण पंधरा अँपिअर निभावते. पंचवीस अँपिअर जात राहिले तर बत्तीसचा एमसीबी ढिम्म हलणार नाही, वायर मात्र आतून भाजत जाईल. एमसीबी सारखा पडतो तेव्हा तो काम करत असतो. तो पडू नये म्हणून मोठा बसवून देणारे माझ्याच धंद्यातले लोक आहेत, हेही लिहून टाकतो.

हा सगळा हिशेब ज्याच्या नावानं ओळखला जातो तो गेओर्ग झिमोन ओहम हा कुलूप बनवणाऱ्या कारागिराचा मुलगा आणि पेशानं शाळामास्तर. कोलोनच्या शाळेत गणित आणि भौतिकशास्त्र शिकवता शिकवता त्यानं एकाच जाडीच्या, वेगवेगळ्या लांबीच्या तांब्याच्या तारांतून वीज सोडून मोजमापं घेतली. मला त्याच्या कामातली एक गोष्ट फार आवडते. पहिल्या खेपेला त्यानं तेव्हाची नेहमीची रासायनिक बॅटरी वापरली. तिचा दाब वापरता वापरताच बदलायचा आणि आकडे जुळायचे नाहीत. मग पोगेनडॉर्फ या शास्त्रज्ञाच्या सांगण्यावरून त्यानं बिस्मथ आणि तांब्याच्या पट्ट्या जोडल्या, एक जोड उकळत्या पाण्यात ठेवला, दुसरा बर्फात. तापमानातल्या फरकामुळे मिळणारी वीज अगदी थोडी, पण स्थिर. १८२६ साली त्याला हवा तो नियम मिळाला, १८२७ मध्ये पुस्तक आलं. जर्मनीत त्याचं फारसं स्वागत झालं नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीनं कॉप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. त्याच सुमारास इंग्लंडात जूल उष्णतेचा वर्गाचा नियम मांडत होता, ज्यानं आपण वर पंचवीस वॉट काढले. ओहमला म्युनिकच्या विद्यापीठात प्राध्यापकपद मिळालं १८५२ मध्ये, वारला १८५४ मध्ये.

आधी दाब स्थिर कर, मग मोज, ही त्याची शिस्त. आमच्याकडे दाबच स्थिर नसतो. १९५६च्या भारतीय विद्युत नियमांत घरगुती पुरवठ्याचा दाब ठरलेल्या आकड्यापेक्षा सहा टक्क्यांहून जास्त वरखाली होऊ नये, असं होतं. म्हणजे २३० चा २१६ ते २४४. उन्हाळ्यातल्या संध्याकाळी गावाच्या टोकाला मल्टिमीटर लावून बघा, १९० दिसला तर मला नवल वाटत नाही. आणि इथं लोकांचा एक घोटाळा होतो. ‘व्होल्टेज कमी म्हणजे लोड कमी’ असं सरसकट धरतात. गीझरच्या बाबतीत ते खरं आहे. त्याचा रोध तोच राहतो, १९० व्होल्टवर तो २००० वॉटऐवजी साडेतेराशेच्या आसपास घेतो, पाणी उशिरा तापतं, बाकी नुकसान नाही. मोटारीचं उलटं आहे. मागाला जेवढं काम लागतं तेवढं लागतंच. दाब उतरला की मोटार तेवढ्या कामासाठी जास्त प्रवाह ओढते. थ्री-फेजचा ४१५ व्होल्टचा दाब ३५० वर आला आणि माग तसाच चालू ठेवला तर प्रवाह पावणेदोन अँपिअरचा दोनच्या वर जातो. ऐकायला किरकोळ. पण वाइंडिंगमधली उष्णता वर्गानं वाढते, म्हणजे चाळीस टक्के. त्यातून एखाद्या फेजचा फ्यूज गेला आणि मोटार दोन फेजवर घुमत राहिली तर उरलेल्या दोन फेजमध्ये प्रवाह पावणेदोन पटीच्या घरात जातो, उष्णता तिप्पट. ओव्हरलोड रिले नीट लावलेला नसेल तर मोटार थेट रिवाइंडिंगच्या दुकानात. ‘मोटार जळाली’ म्हणतात. ती जळाली नसते, जाळलेली असते.

मागाच्या शेडमध्ये आणखी एक भर असते, कापसाच्या तुसाची. दिवाणजी रोज हिशेब लिहितो, जॉबर माग पुसतो, पण स्विचच्या पेटीवर बसलेलं तूस झाडायचं कुणाच्या कामाच्या यादीत नसतं. त्या तुसाखाली एक जोड पंचवीस वॉट सोडत बसला तर पुढे काय होणार, याला भाकीत लागत नाही. आणि आग लागली की सगळे म्हणणार, शॉर्टसर्किट.

म्हणणार, कारण ते सगळ्यांच्या सोयीचं आहे. मालकाला सोयीचं, कारण त्यानं लोड वाढवून वायर तीच ठेवली, हे विचारलं जात नाही. ठेकेदाराला सोयीचं, कारण स्क्रू कुणी सैल ठेवला, हे विचारलं जात नाही. तपासणीची सही करणाऱ्याला सोयीचं. शॉर्टसर्किट ही दैवी आपत्ती असल्यासारखी आपण ती स्वीकारतो. वीज आहे, कधीतरी होणारच. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षात आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून अकरा रुग्ण दगावले. दोन्ही वेळा राज्यभर फायर ऑडिटची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण अग्निशमनाची नळकांडी आग लागल्यानंतरची. अतिदक्षता कक्षात बाळांना ऊब देणारी यंत्रं, व्हेंटिलेटर, एसी असं सगळं दिवसरात्र, आठवडाभर न थांबता चालू असतं. अशा ठिकाणी दर सॉकेटवर किती अँपिअर आहेत आणि मागची वायर किती अँपिअरची आहे, हा तक्ता भिंतीवर का नसावा? मला तर तो तक्ता नळकांड्याइतकाच गरजेचा वाटतो.

म्हणून माझी मागणी साधी आहे. आगीच्या पंचनाम्यात ‘शॉर्टसर्किट’ एवढंच लिहायची मुभा काढून घ्या. त्याऐवजी रकाने ठेवा : त्या सर्किटवर कोणकोणती उपकरणं चालू होती आणि त्यांचे वॉट किती, वायर किती चौरस मिलिमीटरची आणि कशाची, सॉकेट किती अँपिअरचं, एमसीबी किंवा फ्यूज किती अँपिअरचा आणि आगीनंतर तो पडलेला होता की नाही. जळालेल्या बोर्डातूनही यातलं बरंचसं वाचता येतं. पितळ आणि तांबं प्लास्टिकसारखं नाहीसं होत नाही, आणि कुठला स्क्रू वितळलाय, कुठला कोरा आहे, हे दिसतं. वर्षभराचे असे कागद एकत्र केले तर आगी कशानं लागतात याचं उत्तर अंदाजात द्यावं लागणार नाही.

शाळेबद्दलही बोलायचं आहे. मुलांना सूत्रं येत नाहीत असं नाही, चांगली येतात. प्रश्न असतो : ‘एका वाहकातून २ अँपिअर धारा वाहते व विभवांतर १२ व्होल्ट आहे, तर रोध काढा.’ मुलगा सहा ओहम लिहितो, गुण घेतो, घरी येतो आणि पाण्यात टाकायचा पंधराशे वॉटचा रॉड कन्व्हर्टर पिनेवर लावतो. पंधराशे भागिले २३०, साडेसहा अँपिअर, सहाचं सॉकेट. हा भागाकार त्याला कुणी करायलाच लावला नाही. आई इंडक्शन आणि मिक्सर एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर चालवते. दोन हजार अधिक साडेसातशे, म्हणजे बारा अँपिअर. बोर्डाच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘६ अँपिअर’ कोरलेलं असतं. मुलांना दिवाळीच्या सुट्टीत घरातल्या प्रत्येक यंत्राच्या पाटीवरचे आकडे वहीत उतरवायला सांगा, प्रत्येकाचा प्रवाह काढायला सांगा, प्रत्येक बोर्डावरची बेरीज मांडायला सांगा. या गृहपाठाला प्रयोगशाळा लागत नाही.

प्रयोग करायचाच असेल तर एक छान आहे. जुना शंभर वॉटचा पिवळा बल्ब कुठे सापडला तर घ्या. पाटीवरून हिशेब करा : शंभर वॉटला प्रवाह अँपिअरच्या निम्म्याहून जरा कमी, रोध ५२९ ओहम. आता बल्ब होल्डरमधून काढून, पूर्ण थंड असताना मल्टिमीटरनं त्याचा रोध मोजा. चाळीसच्या आसपास येतो! मुलं म्हणतात मीटर बिघडला. मीटर बरोबर आहे. टंगस्टनची तार पांढरीशुभ्र तापते तेव्हा तिचा रोध तेरा-चौदा पट होतो. बटन दाबल्याच्या पहिल्या क्षणी त्या बल्बनं सहा अँपिअरच्या घरात प्रवाह घेतलेला असतो. बल्ब नेहमी लावतानाच का जायचे, त्याचं उत्तर त्यात आहे. एलईडीला हे लागू नाही, त्याच्या पोटात वेगळं सर्किट असतं. आणि पंखा, मोटार यांत नुसता व्होल्ट गुणिले अँपिअर केला तर खऱ्या वॉटपेक्षा आकडा थोडा जास्त येतो. जोडाच्या काळजीसाठी ते बिघडत नाही. जोड वॉट बघत नाही, अँपिअरवर तापतो.

गरिबानं काय करायचं, असं मला विचारतात. प्रश्न रास्त आहे. एका खोलीच्या घरात एकच बोर्ड असतो आणि घरमालक नवी लाइन टाकून देत नाही. त्यांनी दोन गोष्टी केल्या तरी पुष्कळ. तापवणारी यंत्रं, म्हणजे रॉड, इस्त्री, इंडक्शन, यातलं एका वेळी एकच चालवावं. आणि अर्धा तास चालवल्यावर बटन बंद करून, प्लग काढून त्याच्या पिनांना हात लावून बघावा. कोमट असेल तर ठीक. चटका बसला तर त्या सॉकेटचं आयुष्य संपलं, बदलायला सांगा. एक्स्टेन्शनची वायर गुंडाळी करून गादीखाली सारू नका. पाच मीटरची बारीक वायर गीझरच्या प्रवाहावर वीसेक वॉट उष्णता सोडते. मोकळी असेल तर हवेत जाते, गुंडाळीत असेल तर जाणार कुठे? इलेक्ट्रिक स्कूटरवाल्यांना तर मी हात जोडून सांगतो, तिचा चार्जर तीन-चार अँपिअरच घेतो, पण रात्रीचे कित्येक तास सलग घेतो, आणि तेव्हा वास घ्यायला कुणी जागं नसतं.

प्रवाह मोजायचा क्लॅम्प मीटर आता पुष्कळांकडे असतो. तो एकाच वायरभोवती लावायचा असतो, फेज तरी नाहीतर न्यूट्रल तरी. लोक सगळी केबलच चिमट्यात धरतात आणि शून्य दिसलं की खूश होतात. जाणारा आणि येणारा प्रवाह एकमेकांना खोडून काढतो, म्हणून शून्य दिसतं.

गणपतीच्या आधी मंडळाची पोरं जोडणीसाठी माझ्याकडे येतात. गेल्या वर्षापासून मी एक अट घातली आहे : आधी कागदावर बेरीज, मग जोडणी. एका मंडळाच्या पोरांनी मांडवातच बसून आकडे घातले. एलईडीच्या माळा आणि फ्लडलाइट पाच अँपिअर, हलत्या देखाव्याची मोटार सहा, पंखे दीड, आणि दोन अँप्लिफायर मिळून सतरा. बेरीज साडेएकोणतीस. तात्पुरत्या जोडणीचा एमसीबी सोळाचा.

“मग काय करायचं, मामा?”

“एक तर रीतसर अर्ज करून लोड वाढवून घ्या, नाहीतर दोन्ही अँप्लिफायर काढा.”

त्यांनी दुसऱ्याच दिवशी अर्ज भरला.